सेरोटोनिन आणि मेंदूतलं घड्याळ: हे नातं कसं सापडत गेलं

सेरोटोनिन, म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन, म्हटलं की लोक लगेच मूड आणि डिप्रेशनवर येतात. पण शरीराचं २४ तासांचं जे घड्याळ मेंदूत आहे त्याच्याशी त्याचा काय संबंध, हे फारसं कुणी सांगत नाही. मला तर तोच भाग जास्त भारी वाटतो.

मुळात हे दोन वेगळे विषय होते. सेरोटोनिन १९४८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला रक्तातून वेगळं काढलं, तेही रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ म्हणून. ते सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही असतं हे बेटी ट्वारॉगनी १९५३ मध्ये दाखवलं. मग १९६४ ला स्वीडनमध्ये डालस्ट्रॉम आणि फुक्से यांनी मेंदूच्या कापांना फॉर्मल्डिहाइडची वाफ दिली, तशी दिली की सेरोटोनिनवाल्या पेशी मायक्रोस्कोपखाली पिवळ्या चमकतात, आणि त्या बहुतेक सगळ्या ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या तळाच्या देठासारख्या भागात, रॅफे नावाच्या मधल्या पट्ट्यात निघाल्या. १९६५ मध्ये फुक्सेंनी हेही नोंदवलं की या पेशींचे धागे हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडच्या भागातल्या सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस नावाच्या छोट्या पेशीसमूहात, म्हणजे एससीएनमध्ये, खूप दाट पोचतात. पण एससीएन नक्की करतो काय हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं!

ते कळलं १९७२ ला. अमेरिकेत दोन वेगवेगळ्या टीमनी उंदरांचा एससीएन नष्ट करून पाहिला. एकीकडे पाणी पिण्याची आणि हालचालीची लय गेली, दुसरीकडे कॉर्टिकोस्टेरॉन या स्ट्रेस हार्मोनची. म्हणजे घड्याळ तिथेच होतं, आणि सेरोटोनिनचे धागे आधीच तिथे येऊन थांबलेले.

आता त्या धाग्यांचं काम काय? इथे १९९० चा रिबेका प्रॉसर यांचा प्रयोग मला फार आवडतो. उंदराच्या मेंदूचा पातळ काप डिशमध्ये जिवंत ठेवला तर त्यातला एससीएन स्वतःच्या लयीत चालूच राहतो, दिवसाच्या वेळी पेशी जोरात फायर होतात, म्हणजे भराभर विजेचे संदेश सोडतात, रात्री मंद. त्यावर क्विपाझिन, म्हणजे सेरोटोनिनसारखं काम करणारं औषध, दिवसाच्या वेळी घातलं तर पुढच्या दिवशीचं फायरिंगचं शिखर लवकर येतं, रात्री घातलं तर उशिरा. बाकी मेंदू नाही, डोळे नाहीत, तरी घड्याळ सरकतंय, म्हणजे सेरोटोनिनचा परिणाम थेट त्या कापावरच होतोय.

नव्वदच्याच दशकात दुसरी बाजू समोर आली. हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यावर रात्री प्रकाश टाकला की घड्याळ सरकतं, पण सेरोटोनिनचे रिसेप्टर, म्हणजे पेशींवरची त्याचा निरोप घेणारी ठिकाणं, चालू करणारी औषधं आधी दिली तर तोच प्रकाश कमी परिणाम करतो. कारण रेटिनाकडून, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याकडून, येणाऱ्या धाग्यांच्या टोकांवरच सेरोटोनिनचे ५-एचटी१बी नावाचे रिसेप्टर असतात, ते चालू झाले की प्रकाशाचा निरोप वाहणारं ग्लुटामेट कमी सुटतं. दिवसा घड्याळ सरकवायचं आणि रात्री प्रकाशाला आवर घालायचा, अशी दोन्ही कामं एकाच रसायनाची.

पण हॅमस्टर निशाचर, आपण नाही. दिवसा वावरणाऱ्या अर्व्हिकँथिस उंदरांमध्ये सेरोटोनिन वाढवलं तर प्रकाशाचा परिणाम उलट वाढतो असं २००८ ला दिसलं. आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना सिटालोप्रॅम या सेरोटोनिन वाढवणाऱ्या डिप्रेशनच्या औषधाचा एकच डोस दिला, तर संध्याकाळच्या प्रकाशाने त्यांचं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचा निरोप देणारं हार्मोन, नेहमीपेक्षा जास्त दबलं. त्यामुळे डिप्रेशनची औषधं आणि रात्रीचा उजेड यांचा एकत्र विचार आता करायलाच हवा.