कीटकांची हंगामी सुप्तावस्था आणि घड्याळ-जनुकांचा वाद

बडोद्याच्या दक्षिणेकडील कानमच्या काळ्या जमिनीत कपाशीची वेचणी संपत आली की गुलाबी बोंडअळीची चर्चा सुरू होते. ही अळी सरकीत दडून काही न खाता महिनोन्‌महिने सुप्तावस्थेत राहू शकते. या अवस्थेत जाण्याची वेळ कीटकाला कशी कळते, हा प्रश्न मात्र या चर्चेत क्वचितच येतो.

दिवसाच्या लांबीनुसार कीटकांचे जीवनचक्र बदलते, हे 1923 मध्ये माव्यावरील प्रयोगांतून दिसले. ही लांबी शरीरातील चोवीस तासांचे घड्याळच मोजते, असा तर्क 1936 मध्ये एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने मांडला. 1971 मध्ये फळमाशीत या घड्याळाशी निगडित ‘पीरियड’ जनुकातील बदल ओळखले गेले आणि तर्क तपासण्याचा मार्ग खुला झाला.

खरा वाद 1989 नंतरचा आहे. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, पीरियड जनुक निकामी असलेल्या माश्याही दिवस लहान झाल्यावर सुप्तावस्थेत गेल्या. त्यामुळे ऋतू ओळखणारी यंत्रणा रोजच्या घड्याळापासून स्वतंत्र असावी, असे मत बळावले. प्रस्तुत लेखकाला हा निष्कर्ष घाईचा वाटतो, कारण या माशीची सुप्तावस्था मुळातच उथळ असते आणि सुमारे 12 अंश सेल्सियसच्या आसपासच्या थंडीतच नीट दिसते. 2007 मध्ये ‘टाइमलेस’ या घड्याळ-जनुकाचे एक रूप माश्यांना सुप्तावस्थेकडे अधिक झुकवते आणि दक्षिण इटलीत उगम पावून ते युरोपात पसरले, असे दाखवले गेले. 2010 मध्ये जपानमधील एका शेंगांवरील ढेकणात पीरियड दाबल्यावर रोजची लय आणि सुप्तावस्था या दोन्ही बिघडल्या. तरीही विरोधकांचा आक्षेप कायम आहे: एका जनुकाची दोन कामे असली, म्हणजे दोन यंत्रणा एकच ठरत नाहीत. तो आक्षेप गांभीर्यानेच घ्यायला हवा. मात्र या जनुकांचा ऋतूशी संबंधच नाही, असे आता म्हणता येत नाही.

दरम्यान 2001 मध्ये उत्तर अमेरिकेतील घटपर्णीच्या पाण्यात वाढणाऱ्या डासाबाबत, सुप्तावस्था सुरू करणारी दिवसाच्या लांबीची मर्यादा काही दशकांत आनुवंशिकरीत्या बदलल्याचे दिसले; तापमानवाढीशी जोडलेला हा बदल उत्तरेकडे अधिक होता. 2020 मध्ये मक्यावरील युरोपीय खोडकिडीतही सुप्तावस्थेतून बाहेर येण्याच्या वेळेशी पीरियडचा संबंध आढळला.

बडोद्यात सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेतेरा तासांचा, तर सर्वांत लहान पावणेअकरा तासांचा असतो. एवढ्या थोड्या फरकाच्या प्रदेशात युरोपातील मर्यादा जशाच्या तशा लावता येणार नाहीत. डिसेंबरअखेर कपाशी काढून पऱ्हाट्या नष्ट कराव्यात, या शिफारशीचे महत्त्वही येथेच कळते: पीक पुढे उभे राहिले, तर सुप्त न झालेल्या अळ्यांनाही अन्न मिळत राहते आणि पुढची पिढी त्यांच्यापासूनही वाढते.