शिगाराकीच्या रांजणावरची राख

लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी आणि पाण्याचा माठ शेजारी ठेवून बघा. माठ पाझरतो, बरणी पाझरत नाही. कुंभाराच्या आव्यात माठ हजार अंशांच्या बराच खाली भाजून निघतो. बरणीची माती बाराशेच्या आसपास तापवतात, तेव्हा ती इतकी घट्ट होते की पाण्याला शिरायला वाट उरत नाही. या जातीच्या भांड्यांना स्टोनवेअर म्हणतात. बरणीवरची झिलई मात्र कारखान्यात मुद्दाम चढवलेली असते. जपानातल्या शिगाराकी गावच्या जुन्या रांजणांवर जी हिरवट काच ओघळलेली दिसते, ती कुणीच चढवलेली नाही.

ती लाकडाची राख आहे. सरपण जळताना राखेचे हलके कण ज्वाळेबरोबर भट्टीभर उडतात आणि भांड्याच्या खांद्यावर, आगीकडच्या बाजूला बसतात. मातीतली सिलिका एकटी वितळायला सतराशे अंश लागतात, पण राखेतला चुना आणि पोटॅश तिच्यात मिसळले की ती साडेबाराशेच्या आतबाहेरच पाघळते. राखेनं भांडी घासणाऱ्या आपल्या आज्यांना या क्षारांची ओळख होतीच, फक्त चुलीच्या आचेपुरती.

चिनी कुंभारांना हे गुपित साडेतीन हजार वर्षांपूर्वी उमगलं होतं. ते राख मातीत कालवून झिलई म्हणून लावत. जपानात उंच आचेची भट्टी पोचली पाचव्या शतकात, कोरियातून आलेल्या कारागिरांबरोबर. टेकडीच्या उतारावर खणलेला एकच लांब बोगदा, खाली जाळ आणि वर धुराचं तोंड. तिला ‘आनागामा’ म्हणतात. नवव्या शतकात नागोयाजवळच्या सानागे इथले कुंभार राखेची झिलई हातानं लावत होते. म्हणजे ही विद्या जपानला ठाऊक नव्हती असं नाही. शिगाराकीकरांना तिची गरजच पडली नाही.

तेराव्या शतकापासून तिथे घडत होतं ते शेतकऱ्याचं सामान: बियाण्याचे आणि पाण्याचे रांजण. माती बिवा सरोवराच्या प्राचीन तळातली, फेल्डस्पार नावाच्या खनिजाच्या खड्यांनी भरलेली, कुणी चाळत न बसलेली. असा एखादा रांजण जवळून पाहावा. एका खांद्यावर राख वितळून जाड थर झालेला, तिथून निघालेले ओघळ पोटावर येऊन मध्येच थिजलेले. पाठ कोरडी, भगवट तांबूस. अंगभर साबुदाण्यासारखे पांढरे खडे वर आलेले. भट्टीत त्याचं तोंड कुठे होतं आणि पाठ कुठे, हे आजही सांगता येतं.

या ओबडधोबडपणाला किंमत आली ती जपानी चहाविधीमुळे. पंधराव्या शतकातला चहागुरू मुराता जुको शिष्याला लिहिलेल्या पत्रात कुरकुरतो, की हल्लीचे नवशिके शिगाराकीची आणि बिझेन या दुसऱ्या कुंभारगावची भांडी मिरवू लागलेत. कुरकुर करण्याइतकी ती फॅशन झाली होती, हे त्यातून कळतं. पुढे बियाण्याच्या बुटक्या रांजणांत एखादं फूल खोचून ते चहाच्या खोलीत मांडले गेले. त्यांना नाव पडलं ‘उझुकुमारू’, उकिडवा बसलेला! हिरव्या ओघळाला ‘बिदोरो’ म्हणू लागले. हा शब्द पोर्तुगीज ‘विद्रो’ म्हणजे काच यावरून आला. ज्या पोर्तुगिजांनी आपल्याला चावी, बादली आणि पगार दिला, त्यांचीच ही देणगी.

सतराव्या शतकात अनेक कप्प्यांच्या चढत्या भट्ट्या आल्या आणि झिलई लावलेला माल निघू लागला. त्यावर पडलेली राख म्हणजे डाग. शिगाराकीनं पुढे चहापत्तीचे रांजण केले, कोळशाच्या शेगड्या केल्या, रकून कुत्र्याच्या गुबगुबीत मूर्ती केल्या. 1951 साली सम्राट गावात आले तेव्हा याच मूर्ती हातात झेंडे देऊन रस्त्याकडेला उभ्या केल्या होत्या.

जुन्या रांजणांकडे अभ्यासकांचं लक्ष नीट वळलं ते विसाव्या शतकात. कोयामा फुजिओ या संशोधकानं शिगाराकी, बिझेन, तांबा, एचिझेन, सेतो आणि तोकोनामे यांना ‘सहा प्राचीन भट्ट्या’ हे नाव दिलं. बिझेनला कानेशिगे तोयो यांनी जुनी पद्धत परत जमवली. 1956 मध्ये सरकारनं त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरवलं. तिथून ही आग अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात गेली. भारतातही तिचा एक धागा आहे: बिझेनला शिकलेल्या डेबोरा स्मिथ यांनी रे मीकर यांच्यासोबत 1971 मध्ये पाँडिचेरीला गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. तिथे सरपण सुरूच्या झाडाचं.

आजची आनागामा चार-पाच दिवस, कधी आठवडाभर जळते, आणि रात्रंदिवस पाळ्या लावून दर काही मिनिटांनी लाकूड घालावं लागतं. राख कुठे पडेल याचा अंदाज बांधून भांडी रचतात. काही जण तर चाळलेली राख आधीच खांद्यावर भुरभुरवतात. तिलाही ‘नैसर्गिक झिलई’ म्हणायचं का? माझ्या मते नाही, पण ओघळ छान उतरला असेल तर मीही विचारायला जात नाही.