नीलपुष्पी: ओळखायची मागून, निळी होते आतून

पावसाळा सरत आला की व्हॉट्सॲपच्या निसर्गप्रेमी गटांवर नरसाळ्याच्या आकाराच्या निळ्या फुलांचे फोटो येऊ लागतात. खाली हमखास कुणीतरी लिहितं, 'गोकर्ण! याचा ब्लू टी करा, डिटॉक्स होतो.' बाबांनो, ते गोकर्ण नाही. गोकर्ण वाल-मटाराच्या कुळातली, तिला शेंगा येतात. फोटोतली वेल बहुधा नीलपुष्पी असते. शास्त्रीय नाव आयपोमिया निल, कुळ हरिणपदी, म्हणजे रताळं आणि नाळीची भाजी यांच्या नात्यातली. हिच्या बिया काष्ठौषधींच्या दुकानात काळादाणा म्हणून मिळतात. त्यांतली राळ जालीम रेचक आहे. पोट साफ होतं हे खरं, पण त्याला डिटॉक्स नाही, जुलाब म्हणतात.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने १७६२ साली या वेलीला कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रजातीत, म्हणजे जातींच्या त्या गटात, बसवलं होतं. रोट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९७ मध्ये तिला आयपोमियात हलवलं. दोन प्रजातींतला फरक वरवर दिसत नाही. कॉन्व्हॉल्व्ह्युलसच्या कुक्षीला, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकाला, दोन लांबट फाटे असतात, आयपोमियाची कुक्षी गोलसर, बोंडासारखी असते. सूक्ष्मदर्शकाखाली तर आयपोमियाचे परागकण काटेरी दिसतात, कॉन्व्हॉल्व्ह्युलसचे गुळगुळीत.

वेल एका वर्षाची. खोडावर मागे वळलेली लव, पानं हृदयाकृती आणि बहुधा तीन खंडांची, अंडाशयात तीन कप्पे आणि फळात साधारण सहा काळ्या बिया. पण नेमकी ओळख पटवायची तर फूल उलटं करून निदलं, म्हणजे पाकळ्यांच्या बुडाशी असलेली हिरवी दलं, बघा. नीलपुष्पीची निदलं लांब, अरुंद, टोकाकडे निमुळती आणि सरळ असतात, बुडाशी दाट लव असते. हेडेरेशिया या तिच्या जवळच्या जातीत हीच टोकं बाहेर वळलेली असतात, तर पर्प्युरिया या दुसऱ्या जातीची निदलं आखूड. जुन्या भारतीय ग्रंथांत काळादाण्याची वेल हेडेरेशियाच्या नावाखाली नोंदलेली सापडते, तो घोळ या निदलांचाच. फोटो मात्र सगळे समोरून काढतात!

रंगावरून जात ठरवू नये, कारण या फुलाचा रंग ठरलेला नसतोच. कळी लालसर-जांभळी असते, पहाटे उमलताना निळी होते आणि कोमेजताना पुन्हा जांभळट-गुलाबीकडे झुकते. मला या वेलीचं वेड आहे ते यासाठी.

पाकळीचा रंग तिच्या सर्वांत बाहेरच्या थरातल्या पेशींत असतो. अशा प्रत्येक पेशीत रिक्तिका नावाची पाण्याने भरलेली मोठी पिशवी असते आणि तिच्यात अँथोसायनिन हे रंगद्रव्य विरघळलेलं असतं. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, तसं हे द्रव्यही आम्ल-अल्कलीप्रमाणे रंग बदलतं. नीलपुष्पीच्या बागेतल्या बहिणीवर, आयपोमिया ट्रायकलरवर, जपानी संशोधकांनी अतिसूक्ष्म इलेक्ट्रोड थेट पेशीत खुपसून मोजमाप केलं आणि ते १९९५ मध्ये प्रसिद्ध केलं. कळीच्या रिक्तिकेतला सामू, म्हणजे पीएच, ६.६ होता आणि उमललेल्या फुलात तो ७.७ झाला. आकडा छोटा वाटतो, पण सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते. म्हणजे हायड्रोजन आयन बारा-तेरा पटींनी कमी झाले. बहुतेक झाडांच्या रिक्तिका आयुष्यभर आंबटच राहतात. इथे काही तासांत त्या किंचित अल्कली होतात.

हे घडवतं रिक्तिकेच्या पटलात बसलेलं एक प्रथिन. ते हायड्रोजन आयन बाहेर काढतं आणि बदल्यात पोटॅशियम आत घेतं. आता गंमत बघा: पोटॅशियम साठलं की मागोमाग पाणी आत शिरतं, पेशी फुगते, पाकळी ताणली जाते. म्हणजे उमलणं आणि निळं होणं एकाच देवघेवीतून साधतं.

रंगद्रव्यही साधं नाही. त्याचा गाभा पिओनिडिनचा, जो एरवी गुलाबी-लाल छटा देतो. त्याला ग्लुकोजचे सहा आणि कॅफिक आम्लाचे तीन रेणू जोडलेले असतात. कॅफिक आम्लाचे चपटे भाग गाभ्यावर घडी घालून बसतात आणि पाण्याला जवळ येऊ देत नाहीत. नाहीतर इतक्या सामूवर हा निळा रंग टिकला नसता.

म्हणून ऑनलाइन 'निळ्या गुलाबाच्या बिया' विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. जपानमध्ये २००९ साली जनुकबदल करून जो निळा गुलाब बाजारात आला, तोही प्रत्यक्षात फिकट जांभळाच आहे. निळ्या द्रव्याचं जनुक घातलं तरी गुलाबाच्या रिक्तिका आंबट त्या आंबटच.

नीलपुष्पीतलं ते प्रथिन बनवणारं जनुक २००० मध्ये सापडलं, तेही बिघडलेल्या फुलांमुळे. जपानमध्ये ही वेल शतकानुशतकं हौसेने जोपासली जाते. तिथल्या एका वाणाची फुलं उमलूनही जांभळीच राहतात, पण त्यांवर निळे पट्टे उमटतात. त्या वाणात जागा बदलणारा डीएनएचा एक तुकडा नेमका या जनुकात घुसून त्याला बंद पाडतो. एखाद्या पेशीत तो तुकडा उडी मारून निघून गेला, की जनुक पुन्हा चालू होतं आणि त्या पेशीची सगळी पिलावळ निळी निघते. पट्टा रुंद असेल तर उडी कळी अगदी कोवळी असताना पडली, आणि बारीक रेघ असेल तर उशिरा.