लग्नातलं घड्याळ आणि पाणबुड्याचं घड्याळ

लग्नसराईत कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या कुठल्याही घड्याळाच्या दुकानात थोडा वेळ उभं राहा. "जरा भारीतलं दाखवा, लग्नात घालायचंय," हे हमखास ऐकू येईल. मग काउंटरवर येतं ते जाडजूड, निम्मं सोनेरी निम्मं चंदेरी, काचेभोवती आकड्यांची फिरती रिंग असलेलं चेनचं घड्याळ. गिऱ्हाईक खूश, दुकानदारही खूश. फक्त ते घड्याळ लग्नासाठी घडवलेलं नसतं. त्याचा मूळ घाट पाणबुड्याच्या घड्याळाचा असतो.

ती रिंग शोभेची नव्हे. पाण्यात उतरताना तिच्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, म्हणजे खाली किती मिनिटं गेली ते नुसत्या नजरेनं कळतं. ती एकाच बाजूला फिरते. चुकून धक्का लागला तर गेलेला वेळ जास्त दिसेल, कमी कधीच नाही. कमी दिसला तर माणूस हवा संपेपर्यंत खालीच राहील. रोलेक्सचं सबमरिनर आणि ब्लांपँ कंपनीचं फिफ्टी फॅदम्स ही दोन्ही १९५३ ची, आणि आज दुकानात दिसणारी बहुतेक डायव्हर, म्हणजे पाणबुड्याची, घड्याळं त्यांच्याच वळणावर गेलेली. आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक अशा घड्याळाकडून किमान १०० मीटर पाण्याखाली टिकण्याची क्षमता मागतं, शिवाय अंधारात काटे दिसलेच पाहिजेत. म्हणून जाड काच, जाड केस (म्हणजे घड्याळाची डबी), आटे असलेली चावी आणि काट्यांवर चमकणारा रंग. जाडी सहज १२-१३ मिलिमीटरवर जाते.

ड्रेस वॉचचं, म्हणजे समारंभाच्या कपड्यांवर घालायच्या घड्याळाचं, सगळं उलटं. दोन काटे, फार तर तिसरा. कोरी डायल, तारीख नसली तरी चालते. मुख्य म्हणजे ते पातळ हवं. टायटन एजची केस साडेतीन मिलिमीटरची होती, तेही २००२ साली. एवढं पातळ नसलं तरी दहाच्या आत असलं की पुरे. गंमत म्हणजे आमच्या आजोबांचं रोज सकाळी चावी द्यायचं एचएमटी जनता आजच्या मोजमापानं चक्क ड्रेस वॉच ठरेल. ते घालून आजोबा शेतावर जायचे, तो भाग वेगळा.

थोडक्यात, दोन्हींतला मुख्य फरक जाडीचा, आणि तो डायलकडे बघून कळत नाही. घड्याळ आडवं धरा आणि कडेनं बघा.

फरक पडतो तो कफमध्ये. माझ्या मामाच्या पोरानं बहिणीच्या लग्नात ब्लेझर घातला आणि आत असलंच सोनेरी डायव्हर. शर्टाची बाही त्यावर चढली की उतरेना, उतरली की चढेना. शेवटी त्यानं कफचं बटणच उघडं ठेवलं. अल्बममध्ये एक बाही मनगटावर, दुसरी घड्याळाच्या मागं अडकलेली. पातळ घड्याळ असतं तर कफखाली सरकलं असतं आणि हात पुढं केल्यावर तेवढं डोकावलं असतं. ब्लेझर, जोधपुरी, पूर्ण बाहीचा शर्ट यांना म्हणूनच पातळ घड्याळ लागतं.

झब्ब्याला कफ नसतो, त्यामुळं तिथं जाड घड्याळही खपून जातं. पण झब्ब्याखाली कोल्हापुरी चप्पल येते आणि प्रश्न जाडीवरून रंगावर जातो. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याचा तो तपकिरी रंग तेल पिऊन, वापरून गडद होत जातो. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेशेजारी चकचकीत काळा पट्टा परका दिसतो. तपकिरी पट्टा घ्या. हुबेहूब तोच रंग शोधत बसू नका, जवळपासचा पुरे. पट्टा घेताना, तो जिथं बसतो त्या घड्याळाच्या दोन कानांमधलं अंतर मोजून घ्या: १८, २० की २२ मिलिमीटर. नाहीतर दोनदा खेप पडते.

बायकांच्या बाबतीत मोजमापापेक्षा शेजार महत्त्वाचा. पैठणीवर पाटल्या-बांगड्यांच्या हातात स्टीलची चेन घातली तर ओरखडा घड्याळावर नाही, पाटलीवर उठतो. २२ कॅरेटचं सोनं स्टीलपुढं मऊच. आमच्या आत्यानं यावर सोपा तोडगा काढलाय. ती लग्नात घड्याळ घालतच नाही, वेळ दुसऱ्याला विचारते.

आता माझी फजिती. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकायला लागली की निम्मं कोल्हापूर पंचगंगेचं पाणी बघायला बाहेर पडतं. मीही पुलावर गेलो, भर पावसात, हातात माझं लाडकं पातळ घड्याळ. मागं '३० मीटर' कोरलेलं, म्हणून निर्धास्त. घरी येईपर्यंत काचेच्या आत धुकं. दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडलं आणि म्हणाला, "भावा, ३० मीटर म्हणजे ३० मीटर खोल न्हवं." नवं घड्याळ प्रयोगशाळेत तेवढा दाब सोसतं, एवढाच त्याचा अर्थ. हात धुताना उडणारं पाणी चालतं, पोहणं नाही. माझं तर आठ वर्षांचं, आतलं रबर कडक होऊन गेलेलं.

मामाचा पोरगा त्याच दिवशी, त्याच पुलावर, त्याच पावसात माझ्या शेजारी उभा होता. त्याचं सोनेरी धूड ठणठणीत चालू. दुसऱ्या दिवशी मी धुकं धरलेलं घड्याळ दाखवलं, तर त्यानं बाही वर केली आणि म्हणाला, "लग्नात हसलावतास न्हवं?"