पार्श्वभूमी: कातडे कमावणाऱ्यांचा रेणू

१९६०च्या दशकाच्या मध्यावर पॅरिसमधले हृदयशल्यविशारद आलँ कार्पांतिए डुकराच्या हृदयाची झडप माणसाला बसवून पाहत होते. बसवलेली झडप काही काळ चांगली चाले, मग शरीर तिला परकी ठरवून पोखरायला लागे. दोष टाक्यांत नव्हता, झडपेच्या रसायनात होता. हे ध्यानात आल्यावर या सर्जनने रसायनशास्त्राचा रीतसर अभ्यास हाती घेतला. १९६८च्या सुमारास त्यांना हवे ते द्रव्य मिळाले: ग्लुटाराल्डिहाइड. चामड्याच्या कारखान्यांत ते कातडे कमावायला आधीपासून वापरात होते. म्हणजे हृदयात बसवायची झडप त्यांनी चक्क कमावून घेतली. डुकराची झडप असो की गाईच्या हृदयावरणापासून शिवलेली, आजही अशा झडपांवर बहुतांशी याच द्रव्याची प्रक्रिया होते.

यात योगायोगाचा भाग कमी आहे. झडप, कातडे, कंडरा, हाड, डोळ्याचा पारदर्शक पडदा या सगळ्यांना मजबुती देणारे प्रथिन एकच, कोलॅजेन. सस्तन प्राण्यांच्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण पाव हिस्सा किंवा त्याहूनही थोडा जास्त भाग त्याचाच असतो. सध्या औषधांच्या दुकानात या नावाचे गुलाबी डबे दिसतात, त्यामुळे हा सौंदर्यप्रसाधनांचा विषय वाटू लागला आहे. पण कोलॅजेनला वैद्यकाच्या दारात आणून उभे केले ते चर्मोद्योगाने, आणि तेही एकदा नाही, वारंवार.

कच्चे कातडे ओले राहिले की सडते आणि वाळले की कडक होऊन तडकते. मधला मार्ग म्हणजे ते कमावणे. महाराष्ट्रात त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरत आले आहेत. जुन्नर, आंबेगाव, खेड तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यातले आदिवासी गोळा करतात तोच हिरडा. कोल्हापुरी चपलेचे चामडे याच पद्धतीने तयार होते. हिरड्यातले टॅनिन हे तुरट द्रव्य कोलॅजेनच्या तंतूंमध्ये शिरते, त्यांना असंख्य हायड्रोजन बंधांनी, म्हणजे रेणूंमधल्या हलक्या ओढींनी, एकमेकांशी जखडते आणि पाण्याची जागा घेते. मग जिवाणूंना तिथे शिरकाव राहत नाही. किती दिवस भिजवायचे, हौदातले पाणी केव्हा बदलायचे, कोणत्या ऋतूत काय कमी-जास्त करायचे, हे सगळे ज्ञान पिढ्यानपिढ्या ढोर समाजाच्या हातांत होते. ज्यांना लिहिता येत होते त्यांनी या कामाला अस्पृश्य मानले, म्हणून त्यातले फारसे कागदावर उतरले नाही. भारतीय रसायनविद्येचा इतिहास सांगताना पारा आणि गंधक यांच्यावर पानेच्या पाने खर्ची पडतात. हिरड्याच्या हौदाला त्यात एक परिच्छेदही क्वचित मिळतो.

कमावण्याने नेमका काय फरक पडतो, ते मोजायची सोपी रीत आहे. कातड्याचा तुकडा पाण्यात ठेवून पाणी तापवत न्यायचे आणि तो अचानक कधी आकसतो ते पाहायचे. कच्चे कातडे ६० अंश सेल्सियसच्या थोडे पुढे गेले की आकसते. टॅनिनने कमावलेले ७५ ते ८५ अंशांपर्यंत तग धरते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. ही क्रोमची पद्धत १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ यांच्या पेटंटमुळे व्यवहारात आली. क्रोमियमचे अणू कोलॅजेनच्या साखळ्यांवरच्या आम्लगटांना धरून ठेवतात. ही बांधणी टॅनिनपेक्षा कितीतरी पक्की असते.

क्रोमचा हा गुण शस्त्रक्रियेतही त्याच काळात कामी आला. शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा आग्रह धरणारे जोसेफ लिस्टर मेंढीच्या आतड्यापासून केलेला दोरा, म्हणजे कॅटगट, टाक्यांसाठी वापरत होते. या दोऱ्याचा मांजराशी संबंध नाही. तोही कोलॅजेनचाच. तो शरीरात विरघळतो ही त्याची खुबी, पण जखम भरायच्या आत विरघळतो हे दुखणे. १८८०च्या आसपास लिस्टर यांनी दोऱ्यावर क्रोमिक आम्लाची प्रक्रिया करून त्याला जास्त दिवस टिकायला लावले. ‘क्रोमिक कॅटगट’ हे नाव जुन्या शल्यविशारदांच्या तोंडी अजून आहे.

कोलॅजेन उकळले की त्याची वीण सुटते आणि जिलेटिन तयार होते. सुतारकामातला सरस हा त्याचाच ओबडधोबड प्रकार. १८२० मध्ये फ्रान्समधल्या नान्सीचे रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकॉनो यांनी जिलेटिन आम्लात उकळून एक गोडसर पदार्थ वेगळा काढला. तो ग्लायसिन, सर्वांत साधे अमिनो आम्ल. प्रथिनांच्या साखळ्या अशा अमिनो आम्लांच्या दुव्यांनीच बनतात. त्या काळी पॅरिसमध्ये हाडांपासून काढलेले जिलेटिन सूपमध्ये घालून गरिबांना आणि रुग्णालयांतल्या रोग्यांना देण्याची मोहीम जोरात होती. स्वस्तात मांसाइतके पोषण, असा दावा होता. शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रांस्वा माजांदी यांच्या समितीने अनेक वर्षे कुत्र्यांवर प्रयोग केले आणि १८४१ मध्ये सांगून टाकले की नुसत्या जिलेटिनवर प्राणी जगत नाही. कारण पुढे कळले. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच. गुलाबी डब्यांचे गिऱ्हाईक होण्याआधी ही जुनी गोष्ट वाचून घ्यावी. खाल्लेले कोलॅजेन जसेच्या तसे गालावर जाऊन बसत नाही. आतड्यात त्याचे तुकडे होतात आणि ते कुठे वापरायचे हे शरीर ठरवते.

जिलेटिनचे बाकीचे उपयोग, औषधाच्या कॅप्सूलचे कवच आणि छायाचित्रणाच्या फिल्मवरचा थर, हे एकोणिसाव्या शतकातच मार्गी लागले. कोडे वेगळेच होते. हा रेणू आतून दिसतो कसा?

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये विल्यम अ‍ॅस्टबरी लोकरीचे तंतू क्ष-किरणांखाली धरत होते. वस्त्रोद्योगासाठी सुरू झालेल्या त्या कामात त्यांनी कोलॅजेनचीही चित्रे घेतली. १९५१ मध्ये नामवंत अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी प्रथिनांच्या रचनेवर लागोपाठ शोधनिबंध छापले. त्यांतली अल्फा सर्पिल रचना अचूक ठरली, कोलॅजेनची मात्र चुकली. पॉलिंगसारख्या माणसाने हात घातलेला प्रश्न, त्यामुळे बहुतेकांना तो सुटल्यासारखाच वाटला असणार.

१९५२ मध्ये जी. एन. रामचंद्रन मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली शिकलेले, केंब्रिजहून परतलेले. कुलगुरू लक्ष्मणस्वामी मुदलियार यांना ते पद रामन यांनाच द्यायचे होते. रामन यांनी नकार दिला आणि आपल्या विद्यार्थ्याचे नाव पुढे केले. विभागात क्ष-किरणांची सामग्री उभी राहत होती, पण काम करण्याजोगा मोठा प्रश्न ठरत नव्हता. त्या सुमारास मद्रासला आलेले ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी बोलता बोलता सांगितले की कोलॅजेनची रचना अजून समाधानकारक रीतीने उलगडलेली नाही. इतके पुरेसे झाले.

नमुना कुठून आणायचा हा प्रश्न मद्रासमध्ये अवघड नव्हता. १९४८ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था शेजारीच, अड्यारला. कोलॅजेनचा नमुना मागायला देशात याहून योग्य दार नव्हते. क्ष-किरणांसाठी शुद्ध आणि एकाच दिशेने मांडलेले तंतू लागतात. ते अखेर कांगारूच्या शेपटीच्या कंडरेतून मिळाले. त्यातून आलेली चित्रे बोलकी होती. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी गणित मांडले आणि ऑगस्ट १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये रचना जाहीर केली. कोलॅजेनच्या रेणूत तीन साखळ्या एकत्र असतात, आणि प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन असावेच लागते. वर्षभरात त्यांनी रचना सुधारली. तिन्ही साखळ्या नुसत्या शेजारी नसून वेणीच्या तीन पेडांसारख्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात, असे १९५५ मध्ये दाखवले.

ग्लायसिनचा हट्ट का, हे त्या वळणातच दडलेले आहे. तीन साखळ्या जिथे मध्यभागी भेटतात तिथे जागा इतकी अरुंद की सर्वांत लहान अमिनो आम्लच मावते. ब्राकॉनो यांना जिलेटिनमधून ग्लायसिन सहज मिळाले त्याचेही कारण हेच, त्यात ते भरपूर होते.

१९५५च्याच अखेरीस अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी आपली रचना मांडली. वळलेले तीन पेड मान्य, पण मद्रासच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या फार जवळ आले आहेत आणि दर तीन अमिनो आम्लांमागे दोन नव्हे, एकच हायड्रोजन बंध बसतो, असा त्यांचा आक्षेप होता. बंधांच्या बाबतीत तो आक्षेप पुढे बरोबर ठरला. तरी तीन पेडांची मूळ कल्पना कुणाची, हे तारखांवरून स्पष्ट आहे. परदेशी पाठ्यपुस्तकांनी श्रेय वाटताना मद्रासच्या वाट्याला बऱ्याचदा तळटीपच दिली. हे मला निव्वळ अनवधान वाटत नाही.

रामचंद्रन रुसून बसले नाहीत. अणू नक्की किती जवळ आले म्हणजे ‘फार जवळ’? हा प्रश्न त्यांनी गांभीर्याने घेतला. उपलब्ध स्फटिकरचनांमधली अंतरे धुंडाळून कोणत्या जोडीला किती अंतर चालते याचे कोष्टक केले. मग व्ही. शशिशेखरन आणि सी. रामकृष्णन यांच्यासोबत साखळीच्या प्रत्येक दुव्याला वळण्याची किती मोकळीक आहे हे मोजून दोन कोनांचा आलेख काढला. १९६३ मध्ये छापलेला हा रामचंद्रन आलेख आज कोणत्याही प्रथिनाची रचना तपासताना वापरतात. संगणकाने भाकीत केलेली रचनासुद्धा या आलेखाच्या मंजूर भागात बसते का, हे पाहिल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. एका टीकेतून इतके निघाले. १९९४ मध्ये हेलन बर्मन, बार्बरा ब्रॉडस्की आणि सहकाऱ्यांनी कोलॅजेनसारख्या छोट्या रेणूची स्फटिकरचना अणूंच्या पातळीवर प्रसिद्ध केली आणि तीन पेड डोळ्यांना दिसले. तेव्हा रामचंद्रन हयात होते. २००१ मध्ये चेन्नईत ते गेले. नोबेल त्यांना मिळाले नाही.

रचना हाती आल्यावर जुन्या रोगांचे अर्थ लागू लागले. १७४७ मध्ये जेम्स लिंड यांनी ‘सॅलिसबरी’ या जहाजावरच्या स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले होते. संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. त्यांच्या हिरड्यांतून रक्त का येत होते, जुने व्रण का उकलत होते, याचे उत्तर कोलॅजेनमध्ये आहे. साखळीतल्या प्रोलिनला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी चिकटवणाऱ्या एन्झाइमला क जीवनसत्त्व लागते. ती जोडी नसली तर तीन पेड शरीराच्या तापमानालाच सुटतात. ठिसूळ हाडांचा आनुवंशिक विकारही असाच. कितीतरी रुग्णांमध्ये हजारभर दुव्यांच्या साखळीतल्या एका ग्लायसिनच्या जागी दुसरे, मोठे अमिनो आम्ल आलेले असते. अरुंद जागेत ते मावत नाही, वेणी तिथे फुगते आणि मूल जन्मतःच हाडे मोडून घेऊन येऊ शकते.

दुसरीकडे पदार्थविज्ञानवाले आपल्या मार्गाने येत होते. बॉस्टनचे भाजलेल्यांवर उपचार करणारे शल्यविशारद जॉन बर्क आणि एमआयटीतले इओआनिस यानास यांनी गाईचे कोलॅजेन आणि शार्कच्या कूर्चेतला एक शर्करायुक्त रेणू यांची सच्छिद्र जाळी बनवली, वर सिलिकॉनचा पातळ पडदा घातला. १९८१ मध्ये गंभीर भाजलेल्या दहा रुग्णांवरचे निष्कर्ष त्यांनी छापले. जखम झाकणारे आवरण एवढीच मूळ अपेक्षा होती. प्रत्यक्षात रुग्णाच्या पेशी जाळीत शिरल्या, तिथे नवे आंतरत्वक, म्हणजे त्वचेचा आतला थर, तयार झाले आणि जाळी हळूहळू विरघळून गेली. छिद्रे फार लहान किंवा फार मोठी असली तर हे घडत नाही, आणि जाळी लवकर विरघळली तरीही नाही. ती किती दिवस टिकेल हे साखळ्यांमधल्या आडव्या बंधांवर ठरते. लिस्टर यांच्या दोऱ्याचा आणि कोल्हापुरी चपलेचा प्रश्नही तोच होता. अमेरिकेत या कृत्रिम त्वचेला १९९६ मध्ये मंजुरी मिळाली.

ग्लुटाराल्डिहाइडची झडप मात्र निर्दोष नाही. तिच्यात हळूहळू कॅल्शियम साचते, विशेषतः तरुण रुग्णांत, आणि दहा-पंधरा वर्षांत ती बदलण्याची वेळ येऊ शकते. म्हणून कोलॅजेन जोडण्याच्या सौम्य पद्धतींचा शोध सुरू राहिला. त्यातली एक २०२२ मध्ये चर्चेत आली. स्वीडनमधल्या लिंकोपिंगच्या संशोधकांनी मांसउद्योगातून उरणाऱ्या डुकराच्या कातड्यातले कोलॅजेन शुद्ध केले, त्याला रसायनाने आणि प्रकाशाने असे दोनदा जोडून घेतले आणि त्याचे डोळ्याच्या पारदर्शक पडद्यासाठी रोपण बनवले. पडदा पातळ होऊन पुढे फुगत जाण्याचा विकार असलेल्या भारत आणि इराणमधल्या २० जणांच्या डोळ्यांत ते बसवले गेले. भारतातल्या शस्त्रक्रिया दिल्लीच्या एम्समध्ये झाल्या. २० पैकी १४ जण आधी अंध होते, दोन वर्षांनंतर एकही नव्हता. नेत्रदानातून मिळालेला पडदा साधारण दोन आठवड्यांत वापरावा लागतो. हे रोपण दोन वर्षांपर्यंत ठेवता येते, असे त्या संशोधकांनी नोंदवले आहे.