डीएनए चिन्हके आणि गोव्यातील भाजीवाणांचे नाते

भाजीपिकाचे दोन वाण आनुवंशिकदृष्ट्या एकमेकांच्या किती जवळचे आहेत, हे त्यांच्या डीएनएमधील ठरावीक जागांचे फरक तपासून ठरवण्याची पद्धत. या जागांना डीएनए चिन्हके किंवा मार्कर म्हणतात.

गोव्यात भाजीचे वाण बहुधा गावाच्या नावाने ओळखले जातात : आगशीची वांगी, खोल्याची मिरची, हरमलची मिरची. सात शिरांची भेंडी मात्र रूपावरून ओळखली जाते. बाजारातील सुधारित भेंडीला सहसा पाच शिरा असतात. बियाणे पोरसात (परसबागेत) राखायचे आणि शेजारीपाजारी, सोयऱ्याधायऱ्यांना द्यायचे, या रीतीमुळे एकाच नावाखाली दोन वेगळी बियाणी किंवा दोन नावांखाली एकच बियाणे असू शकते. फळाच्या आकारावरून वा रंगावरून निवाडा करावा, तर जमीन, खत आणि पाणी बदलले की तेही थोडेफार बदलतात. डीएनएतील चिन्हकांवर मात्र हवापाण्याचा परिणाम होत नाही.

कोवळ्या पानांतून डीएनए वेगळा काढतात, पीसीआर या प्रक्रियेने हव्या त्या तुकड्यांच्या असंख्य प्रती करतात आणि जेलवर, म्हणजे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या मऊ थरावर, त्यांचे पट्टे पाहतात. भेंडीच्या बाबतीत पहिल्याच पायरीवर घोडे अडते, कारण पानांतील बुळबुळीत द्रव्य डीएनएबरोबर उतरते आणि पुढची क्रिया बिघडवते. शिवाय भेंडी बहुगुणित (गुणसूत्रांचे दोनापेक्षा अधिक संच असलेली) असून तिची गुणसूत्रे साधारण १३० असतात, त्यामुळे पट्टे वाचणेही किचकट. वांगे आणि मिरची त्या मानाने सोपी. दोन्हींत २४ गुणसूत्रे.

१९९० मध्ये पुढे आलेली आरएपीडी ही डीएनएतील यादृच्छिक जागांच्या प्रती करणारी स्वस्त पद्धत भारतीय प्रयोगशाळांत बरीच रुळली. पण प्रयोगशाळा बदलली की तिचे पट्टे बदलू शकतात. एसएसआर चिन्हके, म्हणजे डीएनएतील पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे, अधिक भरवशाची आहेत; शिवाय आईकडून आणि बापाकडून आलेली रूपे त्यांत वेगवेगळी दिसतात. आता डीएनएच्या एकेका अक्षराचा फरक टिपणारी एसएनपी चिन्हके वापरात आहेत.

पट्ट्यांच्या साम्यावरून वाणांचे गट पाडून वृक्षासारखी आकृती काढतात. तिला वंशावळ समजणे चुकीचे आहे. ती केवळ आजचे साम्य दाखवते आणि चिन्हके थोडी असतील तर तेही ढोबळच. मिरचीत परपरागीभवन (दुसऱ्या झाडाच्या परागाने फळधारणा) बऱ्यापैकी होते, म्हणून एका वाणाचे एकच झाड तपासून भागत नाही.

वांगे भारतीय उपखंड व आग्नेय आशियाच्या पट्ट्यात माणसाळले, तर मिरची पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेतून आली. म्हणून वांग्याची तुलना त्याच्या रानटी भाऊबंदांशीही करता येते. मिरचीचे रानटी आप्त मात्र अमेरिकेत शोधावे लागतात. खोला आणि हरमल या दोन्ही मिरच्यांना भौगोलिक मानांकन आहे. ते मुख्यतः स्थान, गुणधर्म आणि परंपरा यांवर मिळते. डीएनएची नोंद त्याला अनिवार्य नाही. तरी वाळवलेल्या मिरचीत दुसरी मिसळली आहे का, हे पाहायचे झाल्यास अशी नोंदच उपयोगी पडते, कारण वाळल्यावर आकारावरून फारसे काही सांगता येत नाही.