जुन्या गाडीच्या एसीत नुसता गॅस बदलून भागत नाही

"आर-१२ मिळत नाही? मग १३४ए भरा, झालं काम!" गॅरेजात वर्षानुवर्षं ऐकू येणारं हे वाक्य अर्धंच खरं आहे. (आर-१२ म्हणजे जुन्या गाड्यांच्या एसीतला थंडावा देणारा गॅस; १३४ए त्याच्या जागी आलेला.)

खरी अडचण तेलाची. आर-१२ सोबत खनिज तेल फिरत कॉम्प्रेसरपर्यंत परत यायचं. १३४ए मध्ये ते मिसळतच नाही. कूलिंग कॉइलमध्ये साचून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा घासत शेवटी जाम होतो. म्हणून जुनं तेल काढून एस्टर किंवा पॅग हे कृत्रिम तेल घालायचं, ओलावा शोषणारा ड्रायर बदलायचा, पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून व्हॅक्यूम करायचा. गॅसही जुन्या वजनाच्या साधारण ८० ते ९० टक्केच. किलोभर बसत असेल तर ८००-९०० ग्रॅम. जास्त कोंबला की प्रेशर चढतं, गारवा उलट घटतो.

'सगळे पाइप बदला' हेही अतीच. जुन्या तेलात मुरलेले, न गळणारे पाइप बहुधा चालतात. उघडलेल्या सांध्यातली ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) मात्र नवीच टाका.